हजेरीपट

(रामपायली येथे मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



चिटणीसांनी मला विषय दिला ‘उद्योजकता आणि व्यवस्थापन’. विषय ऐकून घरी सगळे हसले. मी आपला साधा राईस मिलवाला. चंदन नदीच्या अलीकडे वडिलांचा एक हलर होता, पुढे मी वारासिवनीच्या रस्त्याला गिरणी टाकली, तीस वर्षं चालवली, आता मुलगा बघतो. ‘व्यवस्थापन’ हा शब्द आमच्या घरात नव्हता. वडील म्हणायचे, ‘गिरणीवर ध्यान असू दे’. तेवढंच आमचं व्यवस्थापन. म्हणून आज मी फक्त एका वहीबद्दल बोलणार आहे. हजेरीच्या.

वडिलांची हजेरीवही लाल कापडाच्या बांधणीची होती. मागच्या दिवाळीत माळा साफ करताना ती सापडली. महिन्याला एक पान. ‘ह’ म्हणजे हजर, शून्य म्हणजे गैरहजर. शेवटी एक रुंद रकाना होता, त्यावर लिहिलेलं ‘शेरा’. त्यात वडिलांच्या बारीक अक्षरात नोंदी आहेत. ‘मोहफुले’. ‘तेंदूपत्ता’. ‘पायास खिळा’. ‘साळ्याचे लग्न, ४ दिवस’. ‘रोवणी’. ‘रोवणी’. ‘रोवणी’. आषाढ-श्रावणाच्या पानावर तर वरपासून खालपर्यंत रोवणीच रोवणी.

मी गिरणीची सूत्रं घेतली तेव्हा गोंदियाहून छापील हजेरीपट मागवला. चांगला जाड कागद, वर गिरणीचं नाव. त्यात ‘शेरा’ हा रकाना नव्हता. मला तेव्हा तो लागलाही नाही. माणूस आला किंवा नाही आला, तिसरं काय असतं?

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्याच चुकीची आहे. अठरा-वीस वर्षं झाली असतील. शासनाच्या धानाची भरडाई आमच्याकडे होती. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: एक क्विंटल धान घेतलं की ६७ किलो अरवा तांदूळ परत द्यायचा, आणि त्यात कणी ठरलेल्या मर्यादेतच हवी. मुदतही ठरलेली. आमच्याकडे एक मिस्त्री होता. नाव घेत नाही, तो या मांडवातच कुठेतरी बसलेला असेल. शेलरच्या दोन रबरी रोलांत किती फट ठेवायची हे तो आवाजावरून ठरवायचा. फट कमी झाली की दाणा तुटतो, जास्त झाली की धान तसंच बाहेर पडतं. पुस्तकात माप आहे, पण रोल रोज झिजतो, आणि प्रत्येक गाडीच्या धानाचा ओलावा वेगळा.

त्या वर्षी पाऊस उशिरा लागला. लागला तो असा की सगळ्यांच्या बांध्या एकाच आठवड्यात भरल्या. मिस्त्री अकरा दिवस आला नाही. इकडे माझी मुदत संपत आलेली. बाराव्या दिवशी तो आला, नखांत चिखल तसाच. मी त्याला फाटकावरच सांगितलं, तुझं नाव कमी केलं. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, ‘भाऊ, तुमची गिरणी थांबते, माही बांधी थांबत नाई.’ आणि सायकल फिरवून गेला.

मी दुसरा माणूस आणला. त्या महिन्यात आमच्या तांदळात इतकी कणी निघाली की गोदामातून गाड्या परत आल्या. पुन्हा चाळणं, पुन्हा भरणं, वर हमाली, वर भाडं. अकरा दिवसांच्या गैरहजेरीचा राग धरून मी अख्ख्या हंगामाची कमाई घालवली. पण खरं नुकसान मला बरंच उशिरा कळलं. मिस्त्री पोटापाण्यासाठी नागपूरला गेला, आणि त्याची अडीच एकर बांधी त्यानंतर तीन वर्षं दुसऱ्याकडे गहाण होती.

पऱ्हे टाकल्यापासून वीस-पंचवीस दिवसांत रोवणी व्हावी लागते. त्याहून रोप जुनं झालं की फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. म्हणजे त्या अकरा दिवसांत त्याच्या वर्षभराच्या तांदळाचा फैसला होता. माझ्याकडचा पगार चुकला तर एक महिना चुकतो, रोवणी चुकली तर वर्ष चुकतं. त्यानं हिशेब बरोबर केला होता. गणित कच्चं होतं ते मालकाचं.

आपल्या बालाघाटच्या कामगाराचं वर्ष कधी मांडून पाहा. चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायची. एप्रिल संपताना आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. पन्नास पानांचा एक पुडा, हजार पुडे म्हणजे एक मानक बोरा, आणि फडावर मुन्शी मोजून घेणार. पावसात रोवणी. दिवाळीच्या मागेपुढे कापणी आणि चुरणी. मधल्या दिवसांत बाया घरी विड्या वळतात, वारासिवनीकडे कोणाच्या घरी मागावर साडी असते, कोणी भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत, कोणी नागपुरात बांधकामावर. एका घरात पाच धंदे, आणि पाचही अर्धवट. आपण कारखानदार म्हणतो, ‘इथली माणसं टिकत नाहीत, आळशी आहेत’. ज्याचं पोट एका धंद्यावर कधी भरलंच नाही, त्यानं एकाच धंद्याशी लग्न का लावावं?

आणि ही तक्रार आजची नाही. दीडशे वर्षांपूर्वी नागपुरात जमशेदजी टाटांनाही हेच दिसलं. एम्प्रेस मिलचं नाव तर आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. कोणाचे आजोबा तिथे होते, कोणाचे मामा. १८७४ साली कंपनी निघाली, १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. मुंबई सोडून नागपूर का? वर्धा-हिंगणघाटचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे आलेली. जुम्मा तलावालगतची दलदलीची जागा त्यांनी घेतली आणि भर घालायला सुरुवात केली, तेव्हा एका सावकारानं पैसे द्यायला नकार दिला, हा माणूस मातीत सोनं घालतो आहे म्हणून. पुढे त्याच सावकारानं कबूल केलं म्हणतात, की यानं माती घातली आणि सोनं काढलं.

ही गोष्ट भाषणांतून सगळे सांगतात. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. व्यवस्थापक म्हणून त्यांनी आणले बेझनजी मेहता. हा गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातला, कापडातलं काही न कळणारा. सुरुवातीला यंत्रंही स्वस्तातली घेतली गेली आणि सूत धड निघेना. मग यंत्रं बदलली. पण यंत्र बदललं तरी माणूस रोज येईना. नागपूरचा कामगार गावाशी बांधलेला, शेतीचे दिवस आले की निघाला, चार पैसे जमले की घरी. त्या काळच्या गिरणीमालकाकडे याला एकच औषध होतं: दंड.

तिथे दुसरा विचार झाला. हा माणूस इथे थांबावा असं त्याला का वाटावं? १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. १८९५ पासून अपघात झाल्यास भरपाई. १९०१ साली भविष्यनिर्वाह निधी. कायद्यानं हे कधी आलं बघा: अपघात भरपाईचा कायदा १९२३चा, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२चा. हवा खेळावी, सुताला आणि माणसाला सोसेल इतका दमटपणा राहावा, याची यंत्रं बसवली. चांगलं काम करणाऱ्यांना दरवर्षी समारंभ करून बक्षिसं. आज हे वाचून आपण म्हणतो, टाटा दयाळू होते. असतीलही. पण मला त्यात हिशेब दिसतो, आणि तो पक्का आहे. शिकलेला हात दर पावसाळ्यात निघून जात असेल, तर दर पावसाळ्यात नवा हात शिकवण्याचा खर्च कोणाच्या खात्यात पडतो? माझ्या खात्यात तो परत आलेल्या गाड्यांच्या रूपानं पडला.

एम्प्रेस म्हणजे स्वर्ग होता असं मी म्हणत नाही. कामाचे तास लांब होते, पुढे संपही झाले. रुईकरांसारख्यांनी नागपुरात कामगारांची संघटना बांधली ती काही उगाच नाही. आणि शेवटी ती गिरणी टाटांकडून सरकारी महामंडळाकडे गेली, मग बंदही पडली. चांगली सुरुवात शंभर वर्षं पुरतेच असं नाही. किर्लोस्करवाडीबद्दल आपण सगळ्यांनीच वाचलं आहे, ते आज पुन्हा सांगत नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, म्हातारा मऊ झाला. थांबा, मालकांची हजेरीही घ्यायची आहे.

माझ्या पुतण्यानं मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. २००८च्या सुमारास अमेरिकेतले काही अर्थशास्त्रज्ञ तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत आले. सतरा कंपन्या, अठ्ठावीस कारखाने. काहींना त्यांनी फुकट सल्लागार दिले. सल्ला काय होता? सुताचे गठ्ठे मोजून, नावं लावून ठेवा. यंत्र बिघडलं तर का बिघडलं ते लिहा. सुटे भाग कपाटात ठेवा. जमीन झाडा. एवढंच, आणि पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मालकांना आधी विचारलं होतं, हे तुम्ही का करत नाही? उत्तरं आमच्या ओट्यावर बसून दिल्यासारखी होती: आमचं बरं चाललंय की!

त्यातली आणखी एक गोष्ट मला फार लागली. कंपनी किती मोठी होणार हे भांडवलावर किंवा बाजारावर ठरत नव्हतं. घरात कर्ते पुरुष किती आहेत, त्यावर ठरत होतं. दोन भाऊ असतील तर दोन कारखाने. तिसरा कारखाना नाही, कारण तिसऱ्याची किल्ली द्यायची कोणाला? बाहेरच्या माणसावर भरवसा नाही. आणि मुलींची तर त्यात मोजणीच नाही!

मी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं गोदामाची किल्ली माझ्या जानव्याला होती. मी आजारी पडलो की गिरणी आजारी. आणि दुसरी गोष्ट, ती सांगायला लाज वाटते, पण गणपतीसमोर बसलो आहे. विजेवर चालणाऱ्या जागी दहा माणसं झाली की तेव्हा कारखाना कायदा लागायचा, म्हणून माझ्या छापील हजेरीपटावर वर्षानुवर्षं नऊच नावं होती. काम चौदा जण करत. उरलेली पाच माणसं, त्यांतल्या तीन बाया, कुठल्याच कागदावर नव्हती. ज्यांची हजेरीच नाही त्यांना गैरहजर तरी कसं म्हणणार? मिस्त्रीला काढताना मी हजेरीपट पुढे केला होता, त्याच हजेरीपटात मी स्वतः खोटा होतो. असे नऊ आकडे या भागात किती आहेत ते इथे बसलेल्या मालकांना मी सांगायला नको.

मग काय केलं ते थोडक्यात सांगतो. नावं चौदाच्या चौदा लिहिली. खर्च वाढला, बुडालो नाही. गिरणीची वार्षिक दुरुस्ती आधी आम्ही उन्हाळ्यात करायचो, ती रोवणीच्या पंधरवड्यावर आणली. पट्टे, एलिव्हेटर, चाळण्या, सगळं त्या दिवसांत उघडतो. हमालांना सुट्टी, दोघे-तिघे पाळीपाळीनं येतात. शासकीय भरडाईची तारीख जवळ असली की हे जमत नाही, तेव्हा ओढाताण होतेच, खोटं कशाला सांगू? उचल दोन वह्यांत लिहायची, एक आमच्याकडे, एक त्याच्याकडे. उचलीच्या हिशेबावरून भांडणं निम्म्यावर आली. गोदामाची किल्ली एका बाईकडे दिली. ती आधी कणी पाखडायची, सातवी पास. पहिल्या महिन्यात मला झोप आली नाही. दुसऱ्या महिन्यात तिनं मला दाखवलं की पोत्यांची मोजणी मीच चुकीची करत आलो होतो.

मिस्त्रीला आणायला मी नागपूरला गेलो. तो लगेच आला नाही. त्याची अट पैशाची नव्हती. म्हणाला, ‘पोराले काम शिकवीन, पण तुम्ही त्याचं नाव लिहा.’ ते लिहिलं. आता तो मुलगा रोलचा आवाज ऐकतो.

माझा मुलगा यंदा अंगठ्याचं यंत्र आणतो आहे. हजेरी आपोआप, वेळेसकट. मी विरोध केला नाही, त्याच्या काळात त्याचं चालू दे. फक्त विचारलं, याच्यात शेरा कुठे लिहायचा? तो म्हणाला, बाबा, कंपनीला फोन करून विचारतो. अजून उत्तर आलेलं नाही. तोवर लाल वही मी काउंटरवर ठेवली आहे, आणि या श्रावणात तिच्यात चौदापैकी अकरा नावांपुढे ‘रोवणी’ लिहिलं आहे. त्यातलं एक नाव किल्लीवाल्या बाईचं आहे, त्यामुळे आठ दिवस किल्ली माझ्याकडे होती, आणि पोती मी दोनदा मोजली.

 आरतीची वेळ झाली.