रंगमंच कोणाच्या मालकीचा?

(तरुण संगणक-तंत्रज्ञ व त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी कला शाखेचा पदवीधर. उमेदीची सारी वर्षे वृत्तपत्रात गेली. संगणकीय खेळांविषयी बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. मलाही तो पडला होता. परंतु मध्यंतरी एक परिचित गृहस्थ भेटले. त्यांचा मुलगा नोकरी सोडून मोबाइलवरील खेळ तयार करू इच्छितो. "सॉफ्टवेअर तर फुकट मिळते म्हणतो; मग यात धोका कसला?" असे त्यांनी विचारले. उत्तर शोधताना ध्यानात आले की, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि कराराचा अधिक आहे. करार वाचण्यास अभियांत्रिकीची पदवी लागत नाही.

नाटकाचा दाखला घेऊ. संहिता उत्तम असली, नटांनी तालमी केल्या, तरी रंगमंच, पडदा आणि प्रकाशयोजना लागतेच. संगणकीय खेळात हे काम 'गेम इंजिन' करते. चेंडू भिंतीवर आदळून कसा परतेल, सावली कोठे पडेल, पावलांचा आवाज केव्हा येईल, हे सारे ते पाहते. प्रत्येकाने ते स्वतः रचायचे म्हटले तर वर्षे खर्ची पडतील. म्हणून बहुतेक निर्माते तयार इंजिन वापरतात. म्हणजेच दुसऱ्याच्या नाट्यगृहात प्रयोग लावतात.

'युनिटी' हे असेच एक अत्यंत लोकप्रिय इंजिन. लहान निर्मात्यांना ते विनामूल्य आणि मोठ्यांना दर माणशी वार्षिक शुल्क घेऊन मिळत असे. १२ सप्टेंबर २०२३ रोजी कंपनीने जाहीर केले की, १ जानेवारी २०२४ पासून खेळ जितक्या वेळा नव्याने उतरवून घेतला जाईल, त्या प्रत्येक वेळेमागे शुल्क आकारले जाईल. विनामूल्य योजनेतील ज्या खेळाचे वर्षाचे उत्पन्न दोन लाख डॉलर आणि एकूण प्रती दोन लाख झाल्या, त्याला संपन्न देशांत दर नव्या प्रतीमागे २० सेंट. आणखी एक लाख लोकांनी खेळ घेतला की २० हजार डॉलरचे देणे!

आता मोबाइलवरील बहुसंख्य खेळ फुकट वाटले जातात आणि खेळणाऱ्यांपैकी थोडेच पैसे खर्च करतात, हे लक्षात घ्या. प्रेक्षक फुकट पासावर आत आला, तरी नाट्यगृहाच्या मालकास त्याचे पैसे द्यायचे, असा हा प्रकार. शिवाय पूर्वीच प्रसिद्ध झालेल्या खेळांच्या नव्या प्रतींनाही हे शुल्क लागणार होते. याच कंपनीने २०१९ साली, जुनी आवृत्ती वापरणाऱ्यास जुन्याच अटी लागू राहतील, असे आश्वासन दिले होते, हे विशेष.

जगभर संताप उसळला. दहा दिवसांत कंपनीने क्षमा मागून अटी सौम्य केल्या. ऑक्टोबरमध्ये कंपनीचे प्रमुख जॉन रिकिटिएलो पायउतार झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये खेळांवरील हे शुल्क पूर्णपणे रद्द झाले. मात्र 'प्रो' योजनेचे वार्षिक शुल्क वाढवून दर माणशी २,२०० डॉलर करण्यात आले.

मित्रहो, शुल्क घेणे हा अपराध नव्हे. जो भांडवल घालतो, त्याने मोबदला मागावा, हे न्याय्यच आहे. 'अनरिअल' हे इंजिन पाहा. एखाद्या खेळाची एकूण विक्री दहा लाख डॉलरच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर साधारण पाच टक्के, असा त्याचा हिशेब आहे. खेळ चालला तरच देणे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली प्रसिद्ध केलेला, आपल्या पुराणकथांच्या वातावरणातील 'राजी' हा खेळ याच इंजिनावर उभा राहिला. आक्षेप शुल्कावर नाही. प्रयोग सुरू झाल्यावर भाडेपट्टा बदलण्यावर आहे.

यावर पर्याय आहे. हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्सूर या अर्जेंटिनातील दोघांनी घडवलेले 'गोदो' हे इंजिन २०१४ साली सर्वांसाठी खुले झाले. त्याचे नाव सॅम्युएल बेकेट यांच्या नाटकावरून घेतलेले आहे. त्याचा 'एमआयटी' परवाना जेमतेम एका पानाचा. वापरा, बदला, विका. फक्त मूळ कर्त्यांची नोंद कायम ठेवा. हक्कशुल्क नाही. उद्या कर्त्यांचे मन बदलले, तरी आपल्या हाती आलेली आवृत्ती कोणी काढून घेऊ शकत नाही. 'स्ले द स्पायर' या गाजलेल्या खेळाच्या निर्मात्यांनी त्याचा दुसरा भाग याच इंजिनावर उभारला.

मुक्त ते दुय्यम, हा समज आता सोडला पाहिजे. चित्रनिर्मितीच्या क्षेत्रात 'ब्लेंडर' हे असेच मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यावर घडलेल्या 'फ्लो' या लाटवियातील चित्रपटास २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळाला.

तथापि एकच बाजू सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्लेस्टेशन, निन्टेन्डो यांसारख्या यंत्रांची तांत्रिक माहिती गोपनीय असल्याने ती मुक्त इंजिनात घालता येत नाही. तेथे खेळ नेण्यासाठी वेगळी, बहुधा सशुल्क मदत घ्यावी लागते. नोकरीच्या बाजारात आजही युनिटी आणि अनरिअल जाणणाऱ्यांना मागणी अधिक आहे. आणि मुक्त म्हणजे कोणाच्याच कष्टांविना झालेले, असेही नव्हे. 'गोदो' देणग्यांवर चालते. 'टेरारिया' या खेळाच्या निर्मात्यांनी २०२३ च्या त्या वादळात त्याला एक लाख डॉलर दिले. ज्यांना इतके देणे शक्य नाही, त्यांनी दोष कळवावेत, मार्गदर्शक लेख लिहावेत, नवोदितांना शिकवावे. सार्वजनिक विहिरीचे पाणी भरणाऱ्याने कधीतरी गाळ काढायलाही उतरले पाहिजे.

त्या गृहस्थांना मी जे सांगितले, तेच येथे सांगतो. मुलाला अडवू नका; पण इंजिन निवडण्यापूर्वी अटी बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, ते कलम दोघांनी मिळून वाचा. त्या दिवशीच्या अटींची प्रत जपून ठेवा. चित्रे, संगीत, कथा यांच्या मूळ फाइली इंजिनाबाहेरही सांभाळा, म्हणजे घर बदलावे लागले तर सामान हाती राहील. आणि मुलाने केवळ कोणते बटण कोठे आहे एवढेच न शिकता त्यामागचे गणित शिकावे. इंजिने बदलतील, गणित बदलणार नाही.

धोका आहे, पण तो डोळे उघडे ठेवून पत्करता येतो. ते गृहस्थ त्या रात्री मुलासोबत परवाना वाचायला बसले, असे त्यांनी नंतर मला कळवले. आपणही घरी गेल्यावर तसेच करावे, एवढीच विनंती करून मी थांबतो.