वाळवंटी ओढ्यांतले पाणभुंगेरे



अमेरिकेतील ॲरिझोना म्हणजे निवडुंगांचा मुलूख. तरीही तेथील डोंगरांच्या घळींतून लहान ओढे वाहतात. उन्हाळ्याच्या आरंभी ते खडकांतल्या डोहांपुरते उरतात, आणि जुलै-ऑगस्टच्या पावसात एकाएकी लोंढा येतो. या डोहांत मोहरीएवढे, दोन-तीन मिलिमीटरचे शिकारी पाणभुंगेरे राहतात.

ते ओळखायचे कसे? आधी जिवंतपणी पाहावे. शिकारी भुंगेरा मागचे दोन्ही पाय वल्ह्यांसारखे एकदम मारतो. त्याच्यासारखाच दिसणारा दुसऱ्या कुळातला पाणभुंगेरा ते आळीपाळीने हलवतो. श्वासासाठी शिकारी शेपटाकडून वर येतो आणि कठीण पंखांखाली हवा भरून नेतो. दुसरा डोके वर काढतो. शिकाऱ्याच्या मिशा दोऱ्यासारख्या, दुसऱ्याच्या मिशांच्या टोकाला गाठ. इथपर्यंत शाळेतले भिंग पुरते.

पुढे सूक्ष्मदर्शक लागतो. पुढच्या पायाचा पंजा पाच पेरांचा. पण या चिमुकल्यांपैकी बहुतेकांत चौथे पेर तिसऱ्याच्या खाचेत असे दडते की चारच दिसतात. मीही प्रथम चारच मोजली आणि वहीत तसे लिहिले. शिक्षक काही बोलले नाहीत. त्यांनी तोच पाय पुन्हा भिंगाखाली ठेवला. रंगावर तर मुळीच भिस्त ठेवू नये, एकाच जातीत पट्टे कमीजास्त असतात. फार जवळच्या जातींत नराचा जननावयव तपासूनच निर्णय करतात.

एवढा खटाटोप कशाला, असे अब्बांनी मला विचारले होते. तेव्हा उत्तर सुचले नाही. ॲरिझोनातच व्हेटस्टोन डोंगरात फ्रेंच जो नावाची घळ आहे. तेथले बारमाही डोह या शतकाच्या पहिल्या दशकातील अवर्षणात आटले. पाणी परत आले, पण तेथला सर्वांत मोठा शिकारी कीटक, पाठीवर अंडी वाहणारा पाणढेकूण, परतला नाही. त्याला उडता येत नाही. भुंगेरे उडून येऊ शकतात. परंतु आधी कोणते होते याचीच नोंद चुकली असेल, दोन जाती एकाच नावाखाली लिहिल्या असतील, तर त्यांतली एक नाहीशी झाली तरी कागदावर सारे जागच्या जागी दिसते.

आपल्याकडच्या ओढ्यातले चार भुंगेरे मी बाटलीत आणले आहेत. ज्यांना मिशा पाहायच्या असतील त्यांनी चहानंतर टेबलापाशी यावे. बाटली हलवू नये.