तबकडीवर नाव कुणाचं?

(पिंपळे गुरव येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



आज मला आशा पुथली यांच्याबद्दल बोलायचंय. मुंबईत जन्मलेल्या, शास्त्रीय संगीत शिकलेल्या या बाई अमेरिकेत जाऊन जॅझ गायल्या. १९७१ साली ऑर्नेट कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन'साठी त्यांनी दोन गाणी गायली. अल्बम कोलमन यांचा, आशाताई पाहुण्या. १९७३ साली सीबीएस या बड्या कंपनीनं त्यांचा स्वतःचा पहिला अल्बम काढला. अल्बमचं नावच 'आशा पुथली'.

नावाचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. लुसिला पाशेको मुंबईत ताजमहाल हॉटेलात मिकी कोरिया यांच्या जॅझ बँडमध्ये पियानो वाजवत, पुढे हिंदी चित्रपटांसाठीही. गाणी घरोघरी पोचली, पण वादकांची नावं तबकडीवर सहसा नसतच.

मी कंत्राटी कामगार बायकांमध्ये काम करते. बाई दिवसभर यंत्रावर उभी असते आणि हजेरीपटावर तिचं नाव नसतं. नाव नाही म्हणजे फंड नाही, अपघात झाला तर भरपाई नाही. कलेतही हिशेब हाच.

मात्र नुसत्या नावानं भागत नाही. कंपनी आगाऊ पैसे देते, ते पुढे रॉयल्टीतून वळते करते. मूळ ध्वनिमुद्रण बहुधा स्वतःकडेच ठेवते. आशाताईंचं १९७६ सालचं 'स्पेस टॉक' पुढे रॅप गाणाऱ्यांनी आपल्या गाण्यांत वापरलं. एकदा गायलेलं वीस वर्षांनीही विकलं जातं. तो पैसा कुणाचा, हे पहिल्या करारातच ठरतं.

आपल्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचा हक्क १९९४च्या दुरुस्तीनं आला. २०१२च्या दुरुस्तीनं व्यापारी वापरासाठी रॉयल्टी आणि सादर करणारी म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क, दोन्ही दिले.

हे आपल्यापासून लांब नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात गाणारीचं नाव आहे, गाव आहे.

उद्या तुमच्या भजनी मंडळाचं गाणं मुद्रित करायला कुणी आलं, तर तीन गोष्टी विचारा. नाव कुठे छापणार? पैसे किती आणि कधी? पुन्हा वापरायचं झालं तर कुणाला विचारणार? उत्तरं कागदावर घ्या, सहीसकट. एक प्रत मंडळाच्या फायलीत राहू द्या.