शिपिंग बिलावरचं नाव

फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड, दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षबागेत गेलात, तर बागायतदार घड हातात धरून सांगतो, "आपला माल युरोपला जातो." त्याचा अभिमान रास्त आहे. छाटणीपासून तोडणीपर्यंत त्यानं त्या घडाला तळहाताच्या फोडासारखं जपलेलं असतं. पण तोच माल न्हावा शेवा बंदरात पोचतो, तेव्हा सरकारदरबारी प्रश्न असतो तो एवढाच की पाठवणारा कोण? त्या प्रश्नापुढे कागदावर जे नाव लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा बागायतदाराचं नसतं.

व्यापाराच्या भाषेत या नावाच्या धन्याला 'एक्स्पोर्टर ऑफ रेकॉर्ड' म्हणतात. आपल्या कायद्यात हा शब्दप्रयोग नाही, तिथे नुसता निर्यातदार आहे. मी आपला त्याला 'नोंदीचा निर्यातदार' म्हणतो. गेली पंचवीसेक वर्षं कस्टम्सचे कागद करून देणं हा माझा धंदा. सरकारी भाषेत आम्ही आता कस्टम्स ब्रोकर आहोत, पण बंदरावर आम्हाला अजून सगळे सीएचए म्हणतात. इतकी वर्षं कागद उलटून एक गोष्ट कळली. मालाचं वर्णन चुकलं तर दुरुस्त होतं, वजन चुकलं तर दुरुस्त होतं. निर्यातदाराचं नाव चुकीचं पडलं, की ते निस्तरता निस्तरता माणूस मेटाकुटीला येतो.

हे नाव येतं शिपिंग बिलावर. नावात बिल असलं तरी त्यात कुणी कुणाकडे पैसे मागत नाही. ते एक निवेदन आहे : मी अमुक, तमुक माल, इतक्या किमतीचा, या देशातल्या या पार्टीला पाठवतो आहे. १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे त्यातला मजकूर खरा असल्याची ग्वाही निर्यातदारानं द्यायची. आम्ही ते संगणकावर भरतो, पण बोलतो त्याच्या तोंडानं. मग अधिकारी माल तपासून किंवा न तपासता 'लेट एक्स्पोर्ट' देतो आणि कंटेनर बोटीकडे सरकतो.

निर्यातदाराच्या रकान्यात नाव घालायचं तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा परवाना-क्रमांक लागतो. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यानं सांगितलं आहे की या क्रमांकाशिवाय कुणी निर्यात करायची नाही. पूर्वी क्रमांक ०३ नं सुरू झाला की आम्ही ओळखायचो, पार्टी मुंबईची. ३१ असला की पुण्याची. जीएसटी आल्यापासून फर्मचा पॅन हाच आयईसी. पाचशे रुपये भरले की घरबसल्या मिळतो. हे सोपं झालं ते चांगलंच झालं, फक्त त्यामुळे लोकांना तो क्रमांक गॅसच्या ग्राहक-क्रमांकासारखा वाटायला लागला आहे.

आता कोल्हापूरची एक गोष्ट सांगतो. शिरोलीच्या एमआयडीसीत कास्टिंगचं मशीनिंग करणारा एक छोटा कारखानदार माझ्याकडे आला. नाव सांगत नाही. जर्मनीतल्या एका कंपनीनं त्याचे नमुने पसंत केले होते आणि पहिली ऑर्डर दिली होती, एक्स-वर्क्स भावानं. म्हणजे माल कारखान्याच्या दारात तयार ठेवायचा, पुढचं सगळं घेणारा बघणार. आमच्या मालकांना ते फार आवडलं. कस्टम्स नको, बंदर नको, डोक्याला ताप नको. जर्मन पार्टीच्या वतीनं एक फॉरवर्डर, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था बघणारा, आला, माल उचलून घेऊन गेला, महिन्याभरात पैसेही आले. मालकांनी पेढे वाटले.

सहा-सात महिन्यांनी बँकेचा फोन. परदेशातून आलेल्या या रकमेचं शिपिंग बिल द्या. मालकांनी फॉरवर्डरकडून प्रत मागवली आणि ती घेऊनच माझ्यापुढे बसले. मी पहिल्या पानावरच्या निर्यातदाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे मुंबईतल्या कुठल्याशा ट्रेडिंग फर्मचं नाव होतं.

"ही कोण पार्टी?"

"मला काय ठावं साहेब. म्या तर नाव पण ऐकलं न्हाई."

"मग निर्यात यांनी केली, तुम्ही नाही."

"अवो, माल माझा, पैसं माझ्या खात्यात आल्यात. मग निर्यात माझी न्हाई तर कुणाची?"

प्रश्न बिनतोड होता. कागदाला मात्र तो लागू पडत नव्हता. घोटाळा कसा झाला असावा ते आमच्या धंद्यातला कुणीही सांगेल. एक्स-वर्क्समध्ये निर्यातीचे सोपस्कार घेणाऱ्यानं करायचे असतात. पण घेणारा बसलाय जर्मनीत. त्याला ना पॅन, ना आयईसी. तो भारतातून निर्यात करणार कसा? तेव्हा फॉरवर्डरनं आपल्या ओळखीच्या एका फर्मचा आयईसी लावला आणि माल काढला. त्याला वाटलं असेल, कुणाचा का क्रमांक असेना, कंटेनर तर सुटला.

आणि मग एकेक हिशेब पुढे यायला लागले. जीएसटी खात्यानं विचारलं, तुम्ही निर्यात म्हणून कर भरला नाहीत, पण शिपिंग बिल तुमच्या नावाचं नाही. म्हणजे ही देशातल्या देशात झालेली विक्री, त्यावर १८ टक्के काढा. दुसरीकडे त्या ट्रेडिंग फर्मच्या नावावर रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत शिपिंग बिल उघडं पडलेलं. निर्यात झाली की तिचे पैसे मुदतीत देशात आले पाहिजेत. कित्येक वर्षं ही मुदत नऊ महिन्यांची होती. पैसे तर आले होते, पण आले शिरोलीला, नोंद मुंबईची. दोन बँका, दोन फर्म, आणि मधे ज्याचा धागा कुणालाच जुळवता येईना असा एक कागद. यातली खरी मेख पुढेच. ड्रॉबॅक आणि रोडटेप या करपरताव्याच्या योजनांची सवलत नोंदीच्या निर्यातदाराला मिळते. ती गेली त्या मुंबईच्या खात्यावर. माझ्या माणसाला असं काही मिळतं हेसुद्धा माहीत नव्हतं.

या सगळ्याचं मूळ एका शब्दात होतं, तो म्हणजे एक्स-वर्क्स. पॅरिसची आंतरराष्ट्रीय व्यापारी संस्था १९३६ पासून सौद्यातले असे शब्द ठरवून देते. २०२० च्या आवृत्तीत असे अकरा आहेत. त्या संस्थेचं स्वतःचंच म्हणणं आहे की एक्स-वर्क्स देशातल्या व्यवहाराला बरा, परदेशी व्यवहाराला एफसीए घ्या. एफसीएमध्ये माल घेणाऱ्याच्या वाहतूकदाराच्या हवाली करायचा, पण निर्यातीची कस्टम्स सुटका विकणाऱ्यानंच करायची. फरक तीन अक्षरांचा. त्या मालकांनी पुढच्या ऑर्डरला तेवढं बदलून घेतलं, जर्मन पार्टीनं हूं की चूं केलं नाही.

तुम्ही म्हणाल, हा आपल्याकडचा लालफितीचा खेळ आहे. नाही हो. युरोपीय संघात निर्यातदार हा संघाच्या हद्दीत ठाण मांडून बसलेला असावा लागतो. अमेरिकेत परदेशी ग्राहकानं आपला फॉरवर्डर नेमून माल नेला तरी त्या सौद्यात ज्याचा मुख्य फायदा झाला त्या अमेरिकी पक्षाचं नाव द्यावंच लागतं, आणि मालाची माहिती त्यानंच पुरवायची असते. शब्द निराळे, गोम एकच. माल समुद्रापलीकडे गेला की परत बोलावता येत नाही. मग निदान एक माणूस असा हवा की ज्याची मानगूट हाताशी आहे. नोंदीचा निर्यातदार म्हणजे ती मानगूट. किंमत खोटी दाखवली, मनाई असलेला माल पाठवला, पैसे परदेशातच राहिले, तर धरायचं कुणाला याचं उत्तर आधी लिहून ठेवलेलं असतं.

म्हणूनच हे नाव भाड्यानं देण्याघेण्याचा एक सरळमार्गी धंदाही जगभर उभा राहिला आहे. समजा, एखाद्या परदेशी कंपनीचे सर्व्हर आपल्या ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये आहेत. कंपनीचं भारतात ऑफिस नाही, फर्म नाही, पॅन नाही. आता तिला ते सर्व्हर सिंगापूरला हलवायचे आहेत. विक्रीचा प्रश्नच नाही, माल तिचाच. तरीही पाठवणारा कुणीतरी भारतातला हवा. मग ती एखाद्या फर्मला मोबदला देऊन नोंदीचा निर्यातदार म्हणून उभी करते. चांगली फर्म असेल तर ती आधी विचारते : यंत्रं कुणाची, आली कुठल्या बिलावर, सांकेतिक सुरक्षेची काही उपकरणं त्यात आहेत का, स्कोमेटच्या यादीत काही बसतं का. स्कोमेट म्हणजे लष्करी किंवा अण्वस्त्रांच्या कामीही येऊ शकतील अशा वस्तूंची यादी. तिच्यातलं काही पाठवायचं तर आधी परवानगी लागते. जी फर्म हे विचारत नाही आणि नुसता दर सांगते, तिच्यापासून चार हात दूर राहिलेलं बरं.

कारण दुसरा धंदा आडमार्गाचा आहे. "तुमचा आयईसी पडूनच आहे ना, वापरू द्या, कंटेनरमागे इतके देतो." असं सांगणारे लोक तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत. कुणी भाच्याच्या नावे आयईसी काढतो, कुणी ड्रायव्हरच्या. त्या बिचाऱ्याला कंटेनरमध्ये बासमती आहे की आणखी काय, हे ठाऊक नसतं. समन्स त्याच्याच घरी येतं. कस्टम्स कायद्यानं निर्यातदाराची व्याख्या मुद्दामच ऐसपैस ठेवली आहे : मालाचा मालक आला, पडद्यामागे लाभ घेणारा आला, आणि स्वतःला निर्यातदार म्हणवणाराही आला. म्हणजे खरा लाभार्थी सापडला म्हणून नाव देणारा सुटत नाही. जाणूनबुजून खोटं निवेदन केलं तर मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. कमिशन किती मिळालं होतं, हे तिथे कुणी विचारत नाही.

मग लहान माणसानं निर्यात करायचीच नाही का? दुसऱ्याच्या नावानं माल पाठवण्यात काहीच गैर नाही, ते उघड असलं म्हणजे झालं. मर्चंट एक्स्पोर्टरला, म्हणजे माल विकत घेऊन स्वतःच्या नावानं बाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला, माल विका. नियम पाळले तर ०.१ टक्का जीएसटीवर विकता येतो. माल ९० दिवसांत देशाबाहेर गेला पाहिजे, आणि शिपिंग बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक व तुमच्या बिलाचा क्रमांक आला पाहिजे. निर्यातदार तो, माल तुमचा, दोन्ही गोष्टी कागदावर. माझ्या मते कित्येक छोट्या कारखानदारांना, बागायतदारांना पहिली चार वर्षं हीच वाट शहाणपणाची. जोखीम ज्याला पेलते त्यानं नाव लावावं.

फक्त ती जोखीम मागच्या दारानं आपल्याकडे येत नाही ना, एवढं बघायचं. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली. क्लोरमेक्वाट नावाच्या वाढरोधकाचा अंश सापडला. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते तेव्हा नव्हतंच. युरोपातल्या ग्राहकानं भरपाई मागितली ती शिपिंग बिलावरच्या निर्यातदाराकडे. निर्यातदार वळला बागायतदाराकडे. बरेच निर्यातदार कर्जात रुतले, आणि बागायतदारांचे पैसे थकले. नोंदीचा निर्यातदार कोण, हे कस्टम्सला पक्कं ठाऊक होतं. माल नाकारला गेला तर भार कुणी किती उचलायचा, हे मात्र बांधावर तोंडी ठरलं होतं, किंवा ठरलंच नव्हतं. त्यानंतर ते रसायन यादीत आलं. तोंडी व्यवहार अजून चालू आहेत.

तेव्हा आज एवढं करा. तुमचा माल परदेशी जात असेल, तर गेल्या वर्षाची शिपिंग बिलं फॉरवर्डरकडून मागवून घ्या. ती तुमच्याकडे नसणं हीच पहिली चूक. बाकी काही वाचू नका, निर्यातदाराचा रकाना तेवढा वाचा. तिथे तुमचं नाव नसेल आणि ज्याचं आहे त्याच्याशी तुमचा लेखी करार नसेल, तर पुढचा ट्रक भरण्याआधी तुमच्या सीएला फोन करा.