माहेरचं लिहू की सासरचं?

शेतातली कामं मागे टाकून आज फुलसावंगीत जमलेल्या माझ्या उद्योजक मैत्रिणींनो,

मघाशी दारात नावनोंदणीची वही ठेवली होती. एका मैत्रिणीने पेन उचलला आणि विचारलं, "माहेरचं लिहू की सासरचं?" मी भाषण लिहून आणलं होतं. ते बाजूला ठेवते आणि याच प्रश्नावर बोलते.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. सगळे कौतुकाने वाकून बघतात. कुर्लेकरांची यमुना अशीच रमाबाई रानडे झाली. कल्याणची दुसरी एक यमुना आनंदीबाई जोशी झाली आणि 1886 साली डॉक्टर झाली. गोदूबाईंच्या आनंदीबाई कर्वे झाल्या. एवढी मोठी कामं केलेल्या या बायका. त्यांची जन्माची नावं आज किती जणींना ठाऊक आहेत?

धंद्यात हे बदललेलं नाव फार आडवं येतं. मी डाळमिल टाकायला निघाले तेव्हा पदविका माहेरच्या नावाची होती आणि आधार सासरच्या. कर्जाच्या टेबलावर मला विचारलं, "ही दुसरी बाई कोण?" प्रतिज्ञापत्र झालं, गॅझेट झालं. मग सल्ला मिळाला: "यजमानांना कर्जदार करा, तुम्ही जामीन राहा." यंत्र मी पारखलं होतं, तूर कुठून घ्यायची हे मी ठरवलं होतं! कर्ज शेवटी माझ्याच नावावर घेतलं, पण तुरीचा एक हंगाम हातचा गेला. तो मला अजून सलतो.

तारणाला जमीन लागते आणि सात-बाऱ्यावर बाईचं नाव बहुतेक वेळा नसतं. गाठ इथेच बसते. शरद जोशींनी हे ओळखलं होतं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. ते काम अर्धंच राहिलं, याची मला खंत आहे.

नाव लिहिता न येणंही असंच आड येतं. म्हसवडच्या बायकांना बँक काढायची होती. कागदावर सह्यांच्या जागी अंगठे होते. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली.

त्यांना बँक मिळाली, पण मोठ्या कंपन्यांतही बाईच्या नावाची गत निराळी नाही. 2013 च्या कायद्याने ठरावीक कंपन्यांत निदान एक स्त्री संचालक सक्तीची केली, तर कित्येकांनी घरातलीच बाई खुर्चीवर बसवली. शेवटी सेबीला 'स्वतंत्र' हा शब्द घालावा लागला. 1 एप्रिल 2019 पासून शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या पाचशे कंपन्यांना तो लागू झाला. आपल्याकडे पाटीवर तिचं नाव आणि चेकवर सही त्याची, हे मी या तालुक्यातही पाहिलं आहे.

राज्य सरकारच्या निर्णयाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचं नाव येतं. मला त्याचा फार आनंद झाला. मात्र त्याच निर्णयात विवाहितेच्या नावात नवऱ्याचं नाव लावायची जुनी रीत तशीच ठेवली. ती तिच्या मर्जीवर सोडायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

संयोजकांना एक विनंती आहे. आजची प्रमाणपत्रं दुपारनंतर लिहा. ती वही दारातच राहू द्या. जिला आपलं नाव खोडून दुसरं लिहायचं असेल, तिने जेवणाच्या सुट्टीत लिहावं. प्रमाणपत्रावर तेच येईल.