दांड्याचे मापही पाहा



दाराची चौकट वर्षानुवर्षे गुण्यात राहते, ती कुसू खाचेत घट्ट बसलेले असते म्हणून. ही खाच पाडायला आता अनेक सुतारशाळांत मॉर्टायझिंग मशीन असते. त्याची पटाशी चौकोनी आणि पोकळ. आत फिरणारे बिट भोक पाडते, पटाशी कोपरे तासते. पण बाजारातून नवी पटाशी आणावी आणि ती मशीनमध्ये बसूच नये, असे वारंवार घडते.

कारण साधे आहे. पाकिटावर पाव इंच, अर्धा इंच असे जे माप छापतात, ते खाचेचे. मशीनमध्ये जातो तो पटाशीचा गोल दांडा. तो कुठे पाच सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), कुठे सहा सुती, कुठे साडेसहा, तर मोठ्या पटाशीला चक्क नऊ सुती. इंग्रज अभियंते व्हिटवर्थ यांनी १८४१ साली स्क्रूच्या आट्यांसाठी एक प्रमाण मांडले. या दांड्यांची मापे मात्र आजही वेगवेगळी आहेत.

पाच सुती दांडा सहा सुती भोकात घातला, की सुमारे तीन मिलिमीटरचा फरक उरतो. मग पत्र्याची पट्टी गुंडाळून काम भागवले जाते. कृपा करून तसे करू नका. स्क्रू आवळताच दांडा एका बाजूला रेटला जातो, पटाशी कलते आणि खाचेच्या भिंती तिरप्या होतात. बिट आतून घासून किंचाळते, तापते, पोलाद निळे पडते आणि धारेचे पाणी उतरते.

योग्य मापाचा बुश, म्हणजे दांड्यावर चढवायचे कडे, घ्या, नाहीतर लेथवाल्याकडून कातून घ्या. आतले व बाहेरचे वर्तुळ एककेंद्री हवे. ड्रिल मशीनवर खाच पाडण्याची जोडणी बसवणार असाल, तर जिथे कॉलर आवळायची त्या नळीचा व्यास आधी व्हर्नियरने मोजा. बिट बसवताना पटाशीचा खांदा आणि मशीन यांच्यामध्ये रुपयाचे नाणे धरा, बिट आवळा, नाणे काढून पटाशी वर सरकवा. बिट व पटाशीत हवे तेवढे अंतर राहते. शेवटी गुण्या लावा आणि पहिली खाच टाकाऊ लाकडावर पाडा.

दुकानदारांना आणि कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे: पाकिटावर खाचेच्या मापाशेजारी दांड्याचे मापही छापा. आणि सुतारबंधूंनो, ते छापलेले नसेल, तर मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.