रस्ता आणि मार्ग

रस्ता म्हणजे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटेल. ज्यावरून बैलगाडी, मोटार आणि पायीं चालणारा यात्रेकरू जातो तो रस्ता, इतकें उत्तर शाळेंतील मुलगाहि देईल. परंतु तोच रस्ता संगणकावरील नकाशांत उतरवावयाचा झाला, म्हणजे 'रस्ता' आणि 'मार्ग' या दोन शब्दांतील भेद ध्यानांत घ्यावा लागतो. रस्ता ही जमिनीवरील वस्तु आहे. मार्ग ही प्रवासाच्या सोयीसाठीं मनुष्यानें केलेली योजना आहे.

धाराशिव जिल्ह्याचें उदाहरण घ्यावें. पंजाबांतील संगरूरपासून कर्नाटकांतील अंकोल्यापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ हा बीडकडून येऊन येरमाळा, येडशी, धाराशिव व तुळजापूर असा सोलापुरास जातो. क्रमांक ६५ सोलापुराहून नळदुर्ग व उमरगा या बाजूनें हैदराबादेकडे वळतो. क्रमांक ३६१ तर तुळजापुरासच आरंभ पावून औसा, लातूर, नांदेड असा विदर्भांत शिरतो. हे झाले मार्ग. जमिनीवर मात्र कोठें पूल आहे, कोठें घाट आहे, कोठें मध्यें दुभाजक आहे. रस्ता सर्वत्र एकसारखा नाहीं.

सन २००४ मध्यें इंग्लंडांत स्टीव्ह कोस्ट यांनीं 'ओपनस्ट्रीटमॅप' या उपक्रमाचा आरंभ केला. जगांतील स्वयंसेवकांनीं आपापला मुलूख स्वतः पाहून नकाशांत भरावा आणि तो सर्वांस मोकळा असावा, अशी ही कल्पना. या नकाशाची सामग्री तीनच प्रकारची आहे: बिंदु, रेषा आणि संबंध. बिंदु जोडले कीं रेषा होते, आणि रेषा म्हणजेच रस्त्याचा तुकडा. पूल आला, वेगाची मर्यादा बदलली किंवा गल्लीचें नांव निराळें झालें, कीं तेथें रेषा तोडून नवा तुकडा करावा लागतो. त्यामुळें एका जिल्ह्यांतल्या महामार्गाचेहि पुष्कळ तुकडे पडतात.

हे तुकडे एकत्र बांधण्याचें काम तिसरा प्रकार, म्हणजे संबंध, करितो. तुकडे हे मणी, तर संबंध हा दोरा. दोऱ्यावर महामार्गाचा क्रमांक लिहावयाचा आणि मणी क्रमवार ओंवावयाचे. खऱ्या माळेहून यांत एक विशेष आहे: एकच मणी एकाच वेळीं अनेक माळांत राहूं शकतो. तुळजापूर व सोलापूर यांमधील तोच तुकडा महामार्गाच्या माळेंत असतो, एस. टी. च्या फेरीच्या माळेंत असूं शकतो, आणि कोजागरीच्या सुमारास सोलापुराहून भवानीच्या दर्शनास चालत निघणाऱ्या भाविकांच्या वाटेचीहि निराळी माळ करितां येते. जेथें दुभाजक आहे, तेथें जाण्याची व येण्याची अशा दोन रेषा काढून प्रत्येकीची दिशा सांगावी लागते.

या योजनेचें महत्त्व बदलाच्या वेळीं कळतें. सन २०१० मध्यें देशांतील महामार्गांचे क्रमांक नव्यानें ठरले: उत्तर-दक्षिण मार्गांस सम, पूर्व-पश्चिम मार्गांस विषम. सोलापूर-धुळें हा जुना २११ क्रमांकाचा मार्ग ५२ मध्यें सामावला. सोलापूर-हैदराबाद हा पूर्वींचा ९ क्रमांकाचा मार्ग ६५ मध्यें गेला. ज्या नकाशांत क्रमांक केवळ तुकड्यातुकड्यावर लिहिलेला असेल, तेथें अशा वेळीं एखादा तुकडा हटकून जुन्याच क्रमांकाचा राहतो. माळ असली म्हणजे काय बदलावयाचें तें एके ठिकाणीं दिसतें. गांवाबाहेरून वळणरस्ता झाला, तरी महामार्गाच्या माळेंतून गांवांतील मणी काढून नवे ओंवले कीं झालें. गांवांतील रस्ता जागच्या जागीं राहतो.

तथापि माळ सुरेख असली म्हणजे सर्व साधलें असें नाहीं. माळ तुटली, तर बहुधा फलकावरील क्रमांक चुकतो. परंतु वाट दाखविणारें यंत्र मुख्यतः रेषांच्या सांध्यांवर चालतें. दोन रस्ते जेथें खरोखर मिळतात, तेथें दोन्ही रेषांस एकच सामाईक बिंदु पाहिजे. तो राहिला, तर डोळ्यांस जोडलेला दिसणारा रस्ता यंत्रास तुटलेला वाटतो, आणि रुग्णास नेणारी गाडी कोसभर वळसा घेते. उलट उड्डाणपुलाच्या वरील व खालील रेषांस भलताच बिंदु दिला, तर यंत्र पुलावरून थेट खालीं वळावयास सांगतें! घरीं बसून काढलेल्या एका बिंदूचा परिणाम रात्रीच्या वेळीं अनोळखी रस्त्यावर कोणी तरी भोगतो.

म्हणून या कामांत हौशीइतकीच शिस्त हवी. जुनी रेषा पुसून नवी काढण्यापेक्षां जुनीच तोडून सुधारावी, म्हणजे तिचा इतिहास आणि तिच्या माळा शाबूत राहतात. दुसऱ्याच्या छापील नकाशावरून परवानगीवांचून उतरून घेऊं नये. स्वतः पाहिलेलें तेंच लिहावें. जिल्ह्याचें नांव सन २०२३ मध्यें उस्मानाबाद बदलून धाराशिव झालें, तरी जुन्या नांवासाठीं नकाशांत स्वतंत्र रकाना आहे, कारण जुनें नांव घेऊन शोधणाराहि वाट चुकतां कामा नये.

आपल्या गांवचा रस्ता कोठें फुटतो आणि कोठें मिळतो, हें त्या गांवच्या माणसाइतकें दुसरें कोण जाणतो? पूर्वीं हें ज्ञान पारावर बसून वाटसरूस तोंडीं सांगितलें जाई. आतां तें एकदां नीट लिहून ठेवलें, तर कधींहि न भेटलेल्या वाटसरूसहि पुरतें.